चरापासून तागडीपर्यंत : मध्य टेक्सासच्या बार्बेक्यूचा इतिहास

मध्य टेक्सासातल्या बार्बेक्यूच्या दुकानात मांस वजनावर विकले जाते. रांगेतून पुढे सरकत गिऱ्हाईक भट्टीजवळच्या लाकडी ठोकळ्यापाशी पोचते आणि कशाचे किती पाउंड हवे ते सांगते. कापणारा लांब सुरीने तेवढे कापतो, काट्यावर ठेवतो आणि जाड तपकिरी कागदात गुंडाळून हाती देतो. सोबत पांढऱ्या पावाचे काप किंवा खारी बिस्किटे, कच्चा कांदा आणि काकडीचे आंबट लोणचे. मग लांबलचक बाकांवर बसून कागद उलगडायचा आणि त्यालाच ताट मानून सगळ्यांनी मिळून खायचे. एक पाउंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. एकट्याने गेलेल्या माणसाला एखाददुसऱ्या प्रकारावर भागवावे लागते. चारपाच मित्र मिळून गेले की ब्रिस्केट (छातीचे मांस), बरगड्या, सॉसेज, खांद्याचे मांस असे सगळेच कागदावर येते. नव्या दुकानाचा बोलबाला झाला की मित्रमंडळ जमवून ते खाऊन पाहायचे, ही तिथली आवडती रीत या विक्रीच्या पद्धतीला धरूनच आहे. ही पद्धत बार्बेक्यूने उचलली ती खाटकाच्या दुकानातून.

त्याआधी बार्बेक्यू विकत मिळत नव्हता. ते गावजेवण होते. कॅरिबियन बेटांवरचे तैनो लोक लाकडी मांडवावर मासे आणि मांस ठेवून खालच्या मंद विस्तवावर भाजत, असे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लेखकांनी लिहून ठेवले आहे. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत, विशेषतः व्हर्जिनियात, या भाजण्याला जमिनीतल्या चराची जोड मिळाली. माणसाच्या मांडीइतका खोल आणि गरजेप्रमाणे लांब चर खणायचा, शेजारी ओकची किंवा हिकरीची लाकडे जाळून निखारे करायचे, ते फावड्याने चरात पसरायचे, वर ओल्या लाकडाच्या काठ्या आडव्या टाकून त्यांवर उभे चिरलेले डुक्कर, बकरे किंवा बैल ठेवायचा. रात्रभर कोणीतरी जागे राहून निखारे पुरवायचे, मांस उलटायचे, मीठ, मिरी आणि व्हिनेगरचे पाणी त्यावर फिरवत राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या पंचक्रोशीचे जेवण. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत १७६९ साली अलेक्झांड्रियाला अशा एका बार्बेक्यूला जाऊन रात्रभर राहिल्याची नोंद आहे. पुढे १८ सप्टेंबर १७९३ रोजी त्याच्याच हस्ते अमेरिकेच्या संसदभवनाची कोनशिला बसली, तेव्हा समारंभानंतर जमलेल्या लोकांनी ५०० पाउंडांचा भाजलेला बैल खाल्ला.

अख्खे जनावर भाजायचे तर खाणारी माणसे शेकड्याने हवीत. बर्फपेटी नव्हती तेव्हा उरलेले मांस दुसऱ्या दिवशी टिकत नसे. म्हणून बार्बेक्यू कायम निमित्तालाच होई : स्वातंत्र्यदिन, निवडणुकीची सभा, चर्चचा मेळावा, रेल्वेची पहिली गाडी. यजमान बहुधा जमीनदार किंवा पुढारी असे, आणि पाहुण्यांनी पैसे देण्याचा प्रश्नच नसे. चर खणणारे, लाकडे फोडणारे आणि रात्रभर विस्तवापाशी जागणारे हात मात्र दक्षिणेत जवळजवळ सर्वत्र गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे होते. कोणते लाकूड किती जळू द्यायचे, मांसाचा कोणता भाग कधी हलवायचा, धुराचा रंग पाहून विस्तव कसा ओळखायचा, ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती आणि ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली. अमेरिकेच्या बार्बेक्यूचा इतिहास सांगताना हे पहिल्या ओळींत यायला हवे. फार काळ ते तळटीपेतही आले नाही.

टेक्सास १८३६ साली मेक्सिकोपासून फुटले आणि १८४५ साली अमेरिकेत सामील झाले. दक्षिणेकडून कापसासाठी आलेल्या मळेवाल्यांनी सोबत गुलाम आणले आणि त्यांच्याबरोबर चराचा बार्बेक्यूही आला. १८६० च्या शिरगणतीत टेक्सासच्या सुमारे ६ लाख लोकांपैकी १ लाख ८२ हजारांहून अधिक गुलाम होते. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन बंदरात सैन्याच्या हुकमाने त्यांना मुक्तीची बातमी मिळाली. पुढच्याच वर्षापासून हा दिवस साजरा होऊ लागला, आणि त्याच्या मध्यभागी बार्बेक्यू आला. तोच चर, तेच निखारे, पण आता यजमान, आचारी आणि पाहुणे एकाच समाजाचे होते. गोऱ्यांच्या मालकीच्या मैदानांत हा उत्सव करू देत नसत, म्हणून ह्यूस्टनच्या काळ्या नागरिकांनी वर्गणी काढून १८७२ साली दहा एकर जमीन विकत घेतली. ते मुक्ती उद्यान अजून तिथे आहे. जूनटीन्थचा, म्हणजे १९ जूनच्या उत्सवाचा, बार्बेक्यू हा टेक्सासच्या खाद्यपरंपरेतला सर्वांत अर्थपूर्ण बार्बेक्यू म्हटला पाहिजे, कारण त्यात भाजणाऱ्याला प्रथमच आपल्या हातचे आपल्या माणसांसह, आपल्या जागेत बसून खाता आले.

याच सुमारास मध्य टेक्सासात दुसरी मंडळी स्थिरावत होती. जर्मन वसाहतवाल्यांनी १८४५ साली न्यू ब्रॉनफेल्स आणि १८४६ साली फ्रेडरिक्सबर्ग वसवले. १८५० नंतर बोहेमिया आणि मोराव्हियातून चेक कुटुंबे आली, तर लुसेशियातून आलेल्या स्लाव्ह वंशाच्या वेंड लोकांनी सर्बिन नावाचे गाव उभे केले. हे लोक बहुतेक छोटे शेतकरी आणि कारागीर होते. त्यांच्यात खाटकाचा धंदा हा शिकून घेतलेला, उमेदवारी केलेला धंदा होता. भरड दळलेले मांस मीठ-मिरी घालून आतड्याच्या वेष्टणात भरायचे आणि थंड धुराच्या खोलीत टांगायचे, हे त्यांच्या घरोघरी चाले. जुन्या देशात हे बहुधा डुकराच्या मांसाचे असे. टेक्सासात गुरे मुबलक आणि स्वस्त, म्हणून सॉसेजमध्ये गोमांस शिरले आणि हळूहळू त्यानेच जागा व्यापली.

गरम हवेत मांस टिकवण्याचा प्रश्न त्यांनी एका सुंदर व्यवस्थेने सोडवला. गावातली पंचवीसतीस कुटुंबे मिळून एक मंडळ करत. दर आठवड्याला एका घराने एक वासरू द्यायचे, ते पहाटे कापायचे आणि सूर्य वर यायच्या आत प्रत्येक घरी त्याचा वाटा पोचवायचा. कोणाला कोणता भाग मिळाला याची वही ठेवली जाई, म्हणजे या आठवड्यात मानेचा तुकडा मिळालेल्या घराला पुढे केव्हातरी मांडीचा मिळे. वर्षअखेर वजनांचा हिशेब होऊन कमीजास्त पैशांत भागवत. विसाव्या शतकात घरोघर वीज येईपर्यंत अशी मंडळे ठिकठिकाणी टिकून होती.

गावे वाढली, रेल्वे आली, बाजारपेठा झाल्या, तसे या वाट्यांचे काम खाटकाच्या दुकानाकडे गेले. दुकानदाराकडे अख्खा बैल किंवा त्याचा चौथा हिस्सा येई. मऊ भाग सकाळीच विकले जात. छाती, मान, खांदा, बरगड्यांची टोके असे कडक भाग मागे राहात. दुकानाच्या मागे धुराची भट्टी होतीच. कडक भाग तिच्यात घालून भाजले की ते मऊ होत, शिवाय आणखी काही तास टिकत. बाकीच्याचे सॉसेज करता येई. ब्रेनहॅमच्या एका साप्ताहिकात १८७८ साली बास्त्रॉप गावच्या एका खाटकाच्या गाळ्यावर भाजलेले मांस आणि शिजवलेली सॉसेजे तयार मिळतात, अशी नोंद आली. वजनावर विकल्या जाणाऱ्या बार्बेक्यूची टेक्सासातली ही अगदी आरंभीची छापील खूण मानली जाते. एल्गिनचे साउथसाइड मार्केट आपला आरंभ १८८२ सालचा सांगते. विल्यम मून नावाच्या खाटकाने तो धंदा सुरू केला आणि त्याच्या तिखट गोमांसाच्या सॉसेजांनी पुढे गावाचे नाव केले. १९९५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने एल्गिनला राज्याची सॉसेज-राजधानी ठरवले.

एवढ्यावरून मध्य टेक्सासचा बार्बेक्यू जर्मन आणि चेक खाटकांनी शोधून काढला, अशी कथा रूढ झाली. दुकानांच्या पाट्यांवर, पर्यटनाच्या पुस्तिकांत तीच सापडते. ती अर्धीच खरी आहे. सॉसेज, धुराची खोली, काटा, कागद, दुकानाची मांडणी हे त्यांचे. पण ओकच्या निखाऱ्यांवर मोठाले मांसखंड तासन्‌तास भाजण्याची रीत दक्षिणेच्या चरातून आली. मालकाचे नाव पाटीवर असे. भट्टीपाशी उभा राहणारा नोकर पुष्कळदा काळा किंवा मेक्सिकन असे आणि त्याचे नाव कुठेच नसे. टेक्सासच्या दुसऱ्या भागांत ही परंपरा पाटीवरही दिसते. बोमाँट शहरात जॅक पॅटिलोने १९१२ साली सुरू केलेले दुकान काळ्या कुटुंबाच्या मालकीच्या अशा धंद्यांत राज्यात सर्वांत जुने समजले जाते. दक्षिण टेक्सासात, रिओ ग्रांडेच्या काठी, मेक्सिकन कुटुंबे बैलाचे डोके ओल्या पोत्यात बांधून खड्ड्यातल्या निखाऱ्यांत रात्रभर पुरत आणि रविवारी सकाळी मक्याच्या रोटीत ते मऊ मांस खात. ब्राउन्सव्हिलचे व्हेरा कुटुंब १९५५ पासून हा बार्बाकोआ विकत आले आहे.

मांसाच्या दुकानाचे खाण्याच्या दुकानात रूपांतर केले ते कापसाने. ऑगस्ट ते ऑक्टोबर या वेचणीच्या हंगामात मध्य टेक्सासच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात हजारो मजूर येत. त्यांत काळे होते, मेक्सिकन होते, गरीब गोरेही होते. शनिवारी मजुरी हातात पडली की ही माणसे गावात उतरत. त्यांच्याकडे चूल नव्हती, भांडी नव्हती, आणि गावातल्या खाणावळींत काळ्या आणि मेक्सिकन माणसांना प्रवेश नव्हता. खाटकाचे दुकान मात्र माल विकण्याची जागा होती. तिथे पैसे टाकून कोणालाही भाजलेले मांस मिळे, निदान मागच्या दाराने तरी. ते कागदात बांधून घ्यायचे, त्याच दुकानातून खारी बिस्किटे, कांदा, लोणच्याची काकडी, चीजचा तुकडा घ्यायचा आणि बाहेर झाडाखाली किंवा गाड्याच्या चाकाला टेकून खायचे. आज जी ‘अस्सल’ मांडणी म्हणून मिरवली जाते, म्हणजे ताट नाही, काटेचमचे नाहीत, कागदावर मांस, शेजारी बिस्किटे आणि कांदा, ती या मजुरांच्या गरजेतून ठरली. ताटात जेवण्याचा हक्क नाकारलेल्या माणसांचे ते जेवण होते, हे त्या कागदाकडे पाहताना विसरता कामा नये.

गिऱ्हाईक वाढले तसे काही दुकानदारांनी आत बाक टाकले. ऑस्टिनच्या दक्षिणेला सुमारे ३० मैलांवर असलेल्या लॉकहार्ट गावात हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो. कॉल्डवेल परगण्याचे हे मुख्य ठाणे. इथल्या एका मांसाच्या दुकानाचा धंदा १९०० साली चार्ल्स क्राइट्स याने विकत घेतला आणि ते क्राइट्स मार्केट झाले. १९२४ साली विटांची मोठी इमारत उभी राहिली. तिच्या मागच्या भागात विटांच्या लांब भट्ट्या : एका टोकाला जमिनीवरच उघडी जळणारी ओकची ओंडकी, दुसऱ्या टोकाला धुराडे, आणि मधल्या विटांच्या बोगद्यावर लोखंडी जाळी व वजन लावून उचलता येतील अशी पत्र्याची झाकणे. धुराड्याच्या ओढीने आच आणि धूर मांसाखालून आडवा वाहतो. इमारतीच्या आतल्या भिंतींवर शंभर वर्षांचे काजळ चढले आहे आणि रांग आजही त्या उघड्या विस्तवाला जवळजवळ खेटून जाते. बाकांवर साखळीने बांधलेल्या सुऱ्या असत. त्या सगळ्यांनी आळीपाळीने वापरायच्या. सॉस नाही, हा नियम होता. मांस चांगले असेल तर त्यावर काही ओतायची गरज नाही, ही त्यामागची खाटकाची घमेंड. चुलीपाशी राबलेल्या माणसाला ती शोभून दिसते.

याच गावात १९३२ साली, मंदीच्या ऐन काळात, ब्लॅक कुटुंबाने दुकान काढले आणि ते त्याच कुटुंबाकडे राहिले. टेलर या कापसाच्या बाजारपेठेत लुई म्युलरने १९४९ साली बार्बेक्यूचा धंदा सुरू केला. १९५९ पासून तो ज्या उंच छपराच्या इमारतीत आहे ती पूर्वी व्यायामशाळा होती. क्राइट्स कुटुंबाने १९४८ साली आपला धंदा त्यांच्याकडेच काम करणाऱ्या एडगर श्मिट ऊर्फ स्मिटीला विकला.

या दुकानांत आरंभी ‘ब्रिस्केट’ असा शब्द कोणी फारसा उच्चारत नसे. जनावराचा पुढचा चतुर्थांश भट्टीवर जाई आणि गिऱ्हाईक ‘चरबीचे’ किंवा ‘बिनचरबीचे’ एवढेच सांगे. ब्रिस्केट म्हणजे पुढच्या पायांमधला छातीचा भाग. बैलाच्या वजनाचा मोठा भार या स्नायूंवर पडतो, त्यामुळे तो चिवट धाग्यांचा असतो. घाईने भाजला तर तो वहाणेच्या तळासारखा होतो. ज्यू किराणा दुकानदारांनी १९१० च्या दशकात टेक्सासात धुरावलेल्या ब्रिस्केटच्या जाहिराती दिल्याचे आढळते. धर्माच्या नियमांमुळे जनावराचा पुढचा भागच त्यांच्या स्वयंपाकात येई. सर्वत्र मात्र ब्रिस्केट पसरला तो मांसाच्या कारखानदारीने. आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने १९६७ साली गोमांस कारखान्यातच तुकडे करून, हवाबंद पिशव्यांत घालून, खोक्यांतून विकायला सुरुवात केली. आता अख्खे जनावर घ्यायची गरज उरली नाही. हवा तोच तुकडा खोकेच्या खोके मागवता येऊ लागला. ब्रिस्केट तेव्हा सर्वांत स्वस्त होता, आणि चिवटपणाचा प्रश्न टेक्सासच्या भट्टीने आधीच सोडवलेला होता.

तो कसा सोडवला हे समजून घेण्यासारखे आहे. भट्टीतली हवा साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअस राखतात आणि मांस विस्तवाच्या थेट वर येऊ देत नाहीत. पहिल्या काही तासांत मांसाचे तापमान सुरळीत वाढते, मग ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडकून बसते, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ जेवढी उष्णता मिळते तेवढीच काढून नेते. हे कित्येक तास चालते. अननुभवी माणूस इथेच घाबरून विस्तव वाढवतो आणि मांस बिघडवतो. थांबून राहिले की पृष्ठभाग वाळतो, तापमान पुन्हा चढू लागते आणि ९५ अंशांच्या आसपास स्नायूंना बांधणारे कोलॅजन वितळून जिलेटिन झालेले असते. चिवट धागे हाताने सुटतात. याला १२ ते १८ तास लागतात. वर मीठ आणि भरड मिरीखेरीज काही नसते. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या मायोग्लोबिनशी गाठ पडून कडेला गुलाबी पट्टा उमटतो. लाकूड म्हणून पोस्ट ओकच वापरायचा, कारण तोच या भागात मुबलक वाढतो, संथ जळतो आणि त्याचा धूर कडवट होत नाही. पूर्वेकडे हिकरी आणि पश्चिमेकडे मेस्कीट वापरतात. लानो गावाच्या आसपास मेस्कीटच्या निखाऱ्यांवर थेट भाजण्याची वेगळी रीत आहे. मुंबईत २००६ साली पहिली शाखा उघडलेल्या बार्बेक्यू नेशन या खाणावळींच्या साखळीमुळे महाराष्ट्रातल्या शहरांत ‘बार्बेक्यू’ म्हटले की टेबलात बसवलेली शेगडी आणि सळयांवरचे कबाब डोळ्यांपुढे येतात. ते निखाऱ्यांच्या थेट आचेवर मिनिटांत होणारे भाजणे आहे. टेक्सासचे काम बाजूच्या विस्तवाच्या धुरात रात्रभर चालते.

कोणी कोणाबरोबर बसून खावे, हा प्रश्न १९६४ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तोही एका बार्बेक्यूच्या दुकानावरून. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे ऑलीज बार्बेक्यू काळ्या गिऱ्हाइकांना मांस बांधून देई, आत बसू देत नसे. नव्या नागरी हक्क कायद्याने हे बेकायदा ठरवताच मालकांनी आपले दुकान स्थानिक आहे, संघराज्याच्या कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही, असा दावा केला. न्यायालयाने त्यांच्या मांसाची वही पाहिली. वर्षभरात सुमारे ७० हजार डॉलरचे मांस बाहेरच्या राज्यांतून आले होते. आंतरराज्य व्यापाराशी एवढा संबंध पुरेसा आहे, असे १४ डिसेंबर १९६४ रोजी न्यायालयाने एकमताने ठरवले आणि कायदा वैध राहिला. देशभरातल्या खाणावळींची दारे उघडणाऱ्या निकालांत या दुकानाचे नाव कायमचे नोंदले गेले.

त्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे मध्य टेक्सासचेच. चराच्या जुन्या गावजेवणाचे राजकारणातले मोल त्यांच्याइतके कोणी ओळखले नाही. पेडर्नालिस नदीकाठच्या आपल्या रँचवर ते परदेशी पाहुण्यांना झाडांखाली बार्बेक्यू खिलवत. आचारी बहुधा फोर्ट वर्थचा वॉल्टर जेटन असे. केनेडींच्या हत्येनंतर अवघ्या महिन्याभराने, २९ डिसेंबर १९६३ रोजी, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एर्हार्ड यांच्यासाठी त्यांनी पहिली शासकीय मेजवानी दिली तीही बार्बेक्यूचीच. थंडीमुळे ती स्टोनवॉल गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत हलवावी लागली. एर्हार्डना आजूबाजूला जर्मन बोलणारे टेक्सासी शेतकरी भेटले; शेजारचे फ्रेडरिक्सबर्ग त्यांच्याच देशबांधवांनी वसवलेले होते.

अशी गावजेवणे पुरती संपली नाहीत. टेक्सासच्या पॅनहँडल भागातल्या डॅलहार्टला १९३६ पासून भरणाऱ्या एक्सआयटी मेळाव्यात आजही जमिनीत चर खणून हजारो लोकांना फुकट मांस वाढतात. पण रोजच्या धंद्याचे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पालटले. कापूस वेचणारी यंत्रे आली आणि मजुरांचे तांडे बंद झाले. घरोघर फ्रिज आले, सुपरमार्केटे आली आणि खाटकाकडून रोज मांस आणण्याची गरज संपली. गावोगावची मांसाची दुकाने बंद पडली. जी टिकली ती मागच्या भट्टीच्या जोरावर : कच्च्या मांसाचा गल्ला आटला आणि जोडधंदा हाच मुख्य धंदा झाला. शहरांत पुष्कळांनी लाकूड सोडून गॅसच्या फिरत्या भट्ट्या घेतल्या. रात्री कोणी जागायला नको म्हणून त्या सोयीच्या होत्या, पण चव उतरली.

जुन्या पद्धतीला दुसरा जन्म दिला तो लांबून गाडी चालवत येणाऱ्या खवय्यांनी. ‘टेक्सास मंथली’ मासिकाने १९७३ साली ग्रिफिन स्मिथ यांचा लेख छापला. जगातला उत्तम बार्बेक्यू टेलरचा की लॉकहार्टचा, हा वाद तिथून सुरू झाला. १९९७ पासून मासिक काही वर्षांनी राज्यातल्या पन्नास उत्तम दुकानांची यादी काढू लागले. ऑस्टिनचे विद्यार्थी, संगणक कंपन्यांतले तरुण, सुट्टीवर आलेली कुटुंबे ती यादी हातात घेऊन मित्रांसह एका दिवसात तीनचार गावे पालथी घालू लागली. मजुरांनी गरजेपोटी घडवलेली मांडणी आता हौसेची झाली.

लॉकहार्टमध्ये याच काळात घडलेली घटना सगळ्या टेक्सासला ठाऊक आहे. स्मिटी श्मिटचा धंदा मुलांनी १९८४ सालीच विकत घेतला होता; १९९० साली तो वारल्यावर इमारत मुलगी नीना हिच्याकडे आली. भाडेपट्ट्यावरून बेबनाव झाला. १९९९ साली मुलगा रिक श्मिट याने रस्त्यावर थोड्या अंतरावर नवे प्रशस्त क्राइट्स मार्केट बांधले आणि जुन्या भट्टीतले निखारे पत्र्याच्या टबात भरून गावातून ओढत नव्या भट्टीत नेले. नीनाने जुन्या इमारतीत वडिलांच्या नावाने स्मिटीज मार्केट उघडले. दोन्ही दुकाने चालली. त्याच वर्षी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने लॉकहार्टला टेक्सासची बार्बेक्यू-राजधानी घोषित केले.

२००८ सालच्या यादीने सर्वांना चकित केले. पहिला क्रमांक लेक्सिंग्टन या छोट्या गावातल्या स्नोज बार्बेक्यूला मिळाला. २००३ साली सुरू झालेले हे दुकान फक्त शनिवारी सकाळी उघडते. भट्टीवर असत टूट्सी टोमानेट्झ, जन्म १९३५. १९६६ साली गिडिंग्जच्या मांसाच्या दुकानात त्या हे काम शिकल्या आणि सत्तरी ओलांडल्यावरही आठवड्यातले बाकी दिवस शाळेत साफसफाईचे काम करून शनिवारी मध्यरात्रीनंतर विस्तव पेटवत राहिल्या. २०१७ साली दुकान पुन्हा पहिले आले आणि २०१८ साली टूट्सींचा बार्बेक्यूच्या राष्ट्रीय सन्मानमंडळात समावेश झाला. पुरुषांचे समजले गेलेले हे काम एका बाईने पन्नास वर्षे निमूटपणे केले होते, आणि ज्यांनी ते चाखले त्यांना ते आधीपासून माहीत होते.

ऑस्टिनला डिसेंबर २००९ मध्ये एरन फ्रँकलिनने एका जुन्या ट्रेलरमधून विक्री सुरू केली. त्याला शिकवणारा खाटीक नव्हता. घरामागच्या अंगणात मित्रांसाठी भाजून भाजून तो शिकला होता. २०११ साली तो पूर्व ऑस्टिनमधल्या इमारतीत गेला, २०१३ साली यादीत पहिला आला, आणि २०१५ साली जेम्स बिअर्ड पुरस्कारांत नैर्ऋत्य विभागाचा उत्तम शेफ ठरला. हा मान बार्बेक्यूवाल्याला तोवर मिळालेला नव्हता. सकाळी ११ ला उघडणाऱ्या दुकानापुढे पहाटेपासून घडीच्या खुर्च्या टाकून बसणारी मित्रमंडळी हा शहरातला नेहमीचा देखावा झाला. त्याच्यापाठोपाठ नव्या पिढीची दुकाने राज्यभर निघाली. व्हिएतनामी, मेक्सिकन, दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांनी ब्रिस्केटला आपापल्या घरच्या मसाल्यांत घातले.

मागणी वाढली तसा एके काळी मागे उरणारा छातीचा तुकडा महाग झाला. शिजताना त्याचे वजन जवळपास निम्म्याने घटते, लाकूड आणि रात्रपाळीची मजुरी वेगळी. नावाजलेल्या दुकानांत आता एका पाउंडाला ३० डॉलरच्या पुढे पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेची टेक्सासची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिने बार्बेक्यूच्या चार दुकानांना एकेक तारा दिला : ऑस्टिनची ला बार्बेक्यू, इंटरस्टेलर आणि लिरॉय अँड लुईस, तर ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंग गावचे कॉर्कस्क्रू. चारही ठिकाणी मांस वजनावर मिळते आणि रांगेतून जाऊनच घ्यावे लागते.